टेलच्या गावाहून नाथसागराला

सातवाहनांच्या शिशाच्या काही नाण्यांवर जहाज आहे. दोन डोलकाठ्या, दोरखंडांच्या रेघा, खाली पाण्याची खूण. पुळुमावी आणि यज्ञश्री सातकर्णी यांच्या नावाशी जोडलेली ही नाणी बहुतेक पूर्व किनाऱ्यावर सापडली. टॉलेमीने दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलात पुळुमावीची राजधानी म्हणून ज्या गावाचं नाव लिहिलं, ते मात्र किनाऱ्यावरचं नाही. ते आपलं पैठण. तिथून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि मध्ये सह्याद्री. नाण्यावर जहाज पाडणाऱ्या राजाच्या घाटाला जहाज लागल्याचा पुरावा कुठे नाही. आज त्याच पैठणच्या डोक्यावर एवढं पाणी अडवून ठेवलंय, की काठावर उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही. त्या पाण्यावर काय चालतं आणि त्याच्या पोटात काय बुडालंय, ते बघायला मे महिन्यात आम्ही ताडकळसहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. गाडी त्याची, हट्ट माझा.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं बाजाराचं गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, हळद, आणि पाण्याची खात्री असली तर ऊस. पैठणच्या धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्हे करून तो परभणीत येतो, आणि आमचा भाग त्याच्या शेपटाकडे. कालव्याच्या बोलीत आम्ही टेलचे. टेलच्या माणसाचं अर्धं बोलणं पाणीपाळीचं असतं: पाळी कधी सुटणार, वरच्यांनी किती ओढलं, चारी कुणी फोडली. नाथसागर आमच्याकडे रोज सकाळी पेपरात टक्क्यांत येतो. बेचाळीस झाला म्हटलं की चेहरे खुलतात, नऊवर आला की पडतात. प्रत्यक्ष धरण पाहिलेली माणसं त्या मानाने कमीच.

त्या टक्क्यांचं एक कोडं आधीच सांगून टाकतो. धरणाची एकूण साठवण १०२ टीएमसीच्या पुढे, पण टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची, म्हणजे ७६ टीएमसीच्या आसपास. खाली २६ टीएमसी मृतसाठा कायम धरलेला. त्यामुळे ‘जायकवाडी शून्यावर’ अशी बातमी येते तेव्हाही तिथे पाणी असतं, आणि ते राज्यातल्या कित्येक धरणांच्या भरलेल्या साठ्याहून जास्त असतं.

पैठण पश्चिमेला, पण आम्ही गाडी आधी दक्षिणेला धानोरा काळेकडे घेतली. गोदावरी बघून निघायचं होतं. पालम तालुक्यात दिग्रसला उच्च पातळी बंधारा झाल्यापासून या भागातली नदी पूर्वीची राहिली नाही. मुळी, मुद्गल, तारुगव्हाण, ढालेगाव, आणि वर पैठण तालुक्यात हिरडपुरी, आपेगाव अशी बंधाऱ्यांची रांगच लागली आहे. दारं टाकली की नदी वाहायची थांबते आणि लांबट तळी तयार होतात. म्हणजे नाथसागराकडे जाणारी आमची वाट तळ्यातळ्यानेच गेली म्हणायची.

पूल नव्हते तेव्हा या काठची माणसं पैलतीराला कशी जात, ते आमच्या आधीच्या पिढीने पाहिलंय. जिथे भोयांची वस्ती होती तिथे नाव होती. जिथे नव्हती तिथे काहील. गूळ करायची ती मोठी लोखंडी पसरट कढई, चार माणसांना उचलायला जड, पण पाण्यात सोडली की तरंगते. पुरात बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना तिच्यात बसवायचं आणि दोन पट्टीचे पोहणारे कडेला धरून ढकलत न्यायचे. काहिलीला नाळ नाही, सुकाणू नाही. ओढ लागली की ती जागच्या जागी गरगर फिरते. आत बसलेल्याने काही धरायचं नाही, हलायचं तर मुळीच नाही, एवढाच नियम. सातवाहनांच्या दोन डोलकाठ्यांपासून आमच्या वाट्याला आलेली नौकानयनाची परंपरा म्हणायची ती ही.

पाथरी सोडली आणि माजलगावच्या रस्त्यावर ढालेगावला गोदावरी ओलांडली. याच नदीवर आगबोटी चालवायचा घाट इंग्रजांनी घातला होता, हे आमच्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आर्थर कॉटनने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पर्यंत पुरा केला आणि मग त्याच्या नजरेत नदीचा वरचा भाग भरला. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा नदीत चढवायचा, प्राणहितेतून गोदावरीत आणायचा आणि थेट समुद्राला न्यायचा, असा बेत. हेग नावाच्या इंजिनिअरने पाहणी केली. अडथळे तीन, तिन्ही खडकांचे. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर. त्या खडकांना वळसा घालणारे कालवे आणि दारं बांधायची कामं सुरू झाली. १८६० मध्ये ‘अप्पर गोदावरी’ नावाचा जिल्हा काढला आणि त्याचं ठाणं ठेवलं सिरोंच्याला, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात. अमेरिकेत यादवी पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा या योजनेचे दिवस फिरतील असं वाटलं. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. कापूस डब्यांत भरून मुंबईला जायला लागला आणि १८७१ मध्ये जलमार्गाचं काम सोडून दिलं गेलं.

मला विचाराल तर रेल्वे आली नसती तरी नदीने ती योजना हाणून पाडली असती. आपल्या गोदावरीला पावसाळ्यात आवरत नाही इतकं पाणी आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत उरलेलं. बोट वर्षभर चालायला वर्षभर पाणी लागतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकातही पैठणचा माल गाड्यांवरून भडोचला जाताना दिसतो. भडोचपासून वीस दिवसांची वाट, आणि आणखी दहा दिवस पूर्वेला तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. दाराशी एवढी नदी असून बैलगाड्या का? एक तर उन्हाळ्याचं पाणी, आणि दुसरं म्हणजे दिशा. रोमन जहाजं पश्चिमेच्या बंदरांना लागत आणि गोदावरी वाहते पूर्वेला.

गढीवरून गेवराईकडे वळलं की राक्षसभुवनचा फाटा येतो. शनीच्या साडेतीन पीठांतलं एक म्हणून गाव प्रसिद्ध, पण मला तिथे नदी बघायची होती. १० ऑगस्ट १७६३. निजामअलीने त्याच उन्हाळ्यात पुणं लुटून जाळलेलं. पावसाळ्यात तो औरंगाबादेकडे परतायला निघाला आणि गोदावरी आडवी आली. निम्मी फौज घेऊन तो उत्तर काठाला उतरला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेनिशी दक्षिण काठावरच राहिला. मध्ये पूर. पाठलागावर असलेल्या माधवराव आणि रघुनाथराव पेशव्यांनी नेमकी ती वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला, त्याची फौज मोडली, आणि निजाम पलीकडच्या काठावरून बघत राहिला. माधवराव तेव्हा अठरा वर्षांचे.

या लढाईची वर्णनं पराक्रमाची आणि डावपेचांची असतात. काठावर उभं राहिलं की हिशेब वेगळा सुचतो. निजामाजवळ तोफा होत्या, हत्ती होते, दौलत होती. पुराच्या पाण्यातून हजारो माणसं एका दिवसात उतरवतील एवढ्या नावा मात्र नव्हत्या. मराठवाड्यात नौकांनी निकाल लावलेली लढाई शोधायचीच असेल तर ती ही. नसलेल्या नौकांनी लावलेला निकाल.

शहागडच्या पुलावरून पुन्हा उत्तरेला, पाचोडवरून पैठण. गावात आधी नाथांच्या समाधीचं दर्शन घेतलं. एकनाथांनी १५९९ मध्ये गोदावरीतच देह ठेवला, आणि धरणाच्या जलाशयाला नाव दिलं तेही त्यांचंच. जायकवाडी हे गाव मात्र इथलं नाही, ते बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिकडे व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, कागदावरचं नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. मातीची भिंत दहा किलोमीटर लांब, उंची ४१ मीटर, दरवाजे २७. भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत. खालून बघितलं तर ती भिंत वाटतच नाही, गवत वाढलेली लांबलचक टेकडी वाटते. २००६ च्या ऑगस्टात याच दरवाज्यांतून सुमारे अडीच लाख क्युसेक पाणी सुटलं होतं आणि पैठणपासून गंगाखेड-नांदेडपर्यंत नदीकाठ पाण्यात गेला होता.

खरा नाथसागर बघायचा तर भिंत सोडून मागे जायला हवं, फुगवट्याकडे. जलाशय लांबीला ५५ किलोमीटर, सगळ्यात रुंद ठिकाणी २७. क्षेत्र ३५० चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढं पसरलेलं पाणी, पण उथळ. धरण पूर्ण भरतं १५२२ फुटांवर आणि मृतसाठा सुरू होतो १४९५ ला. उंचीत फरक फक्त सत्तावीस फुटांचा, पण जमीन इतकी सपाट की तेवढ्या सत्तावीस फुटांत काठ कुठल्या कुठे सरकतो. ऑक्टोबरात ज्या बाभळीला पाणी लागलेलं असतं तिच्यापासून मे महिन्यात पाण्यापर्यंत जायला मोटारसायकल लागते. मधल्या जमिनीवर लोक गाळपेरा करतात. पाणी हटेल तसं मागोमाग पेरत जायचं, कधी काकडी-टरबूज, कधी हरभरा. वर्ष चांगलं गेलं तर पीक आपलं, अवेळी पाणी चढलं तर धरणाचं.

आम्ही अशाच एका हटलेल्या काठावर गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपल्यांचा चुरा, मध्येच दगडी जोत्यांच्या रांगा. गावाचा नकाशा जमिनीवर काढून ठेवलेला. दारांच्या जागी मोकळ्या फटी, एका घराचं उखळ जमिनीत रुतलेलं, पलीकडे गाळाने काठोकाठ भरलेली विहीर. वरून वाळलेली साय दिसते पण पाय दिला तर माणूस कमरेपर्यंत आत जाईल, असं एका म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, तिथून आमची ओळख झाली.

“बाबा, हे कोणतं गाव?”

“मपलंच व्हतं,” ते म्हणाले. “ह्यो वाडा पाटलाचा. त्यो पार. मपलं घर तिकडं, आजून पान्यात हाय. पंधरा दिसानं बघा, आलं तर यील वर.”

“वर्षाला येतं?”

“कशाचं वर्साला! दुस्काळ पडला तर येतं. पान्यानं भरलं तर बरंच म्हनायचं की. मासं गावत्यात.”

मग त्यांनी विचारलं, कुठले तुम्ही. ताडकळस म्हटल्यावर त्यांनी क्षणभर आठवलं. “मंजी परभनीकडलं. येतंय का पानी टेलला?”

कधी येतं, कधी नाही, असं मी सांगितलं. ते हसले. “घ्या! गाव आमचं गेलं अन् तुमच्यापस्तोर आलंच न्हाई.”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी चारीच्या, गाळाच्या, वरच्यांच्या मोटारींच्या कारणांची यादी त्यांना सांगितली नाही. पैठण, गंगापूर, नेवासा आणि शेवगाव तालुक्यांतली शंभराहून अधिक गावं या पाण्याने उठवली. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय मृतसाठ्याच्याही खाली गेला, तेव्हा कधी नव्हे ते मंदिरांचे चौथरे, घाटांच्या पायऱ्या उघड्या पडल्या. लोक गाड्या करून बघायला आले. उठलेल्यांची मुलं-नातवंडं नारळ घेऊन आली.

म्हातारबाबांचा चप्पू काठाला ओढलेला होता. मराठवाड्यात चप्पू म्हणजे थर्माकोलचा तराफा. गोदावरीच्या दोन्ही काठांना हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. बांधणी मी निरखून पाहिली. थर्माकोलच्या जाड लाद्या एकावर एक रचलेल्या, भोवती खताच्या रिकाम्या गोण्या गुंडाळून सुईने शिवलेल्या, त्यावर नायलॉनच्या दोरीचे आडवे-उभे वेढे. वर बसायला एक फळी. वल्हं नाही. दोन हातांत दोन लाकडी फळकुटं, त्यांनी पाणी मागे सारायचं. उचलायला इतका हलका की एक माणूस डोक्यावर घेऊन काठाकाठाने चालतो, आणि काठ रोज सरकणाऱ्या जलाशयात हा गुण मोठाच. रोहू, कटला, मृगळ, आणि कुणी न सोडता वाढलेली चिलापी, एवढं सगळं याच्यावरून निघतं. जाळं बुडालेल्या भिंतीत अडकलं तर? “आडकतंय की. मारुतीच्या देवळापशी कव्हाबी आडकतंय. आता ठाव हाय, तिकडं टाकीतच न्हाई.” पाण्याखालच्या गावाची गल्ली न गल्ली पाठ असलेले असे नावाडी आणखी दहा-पंधरा वर्षांनी कुठे मिळणार?

चप्पू वाऱ्याला मात्र टिकत नाही. उथळ आणि मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. तो जितकं लांब अंतर पाण्यावरून घासत येतो तितकी लाट वाढते, आणि उथळ पाण्यातली लाट आखूड नि उभी असते. समुद्रातली मोठी लाट होडीला उचलते आणि खाली ठेवते. इथे एक लाट उतरायच्या आत दुसरी आदळते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ काळं व्हायला लागलं की इथले लोक पाण्यातून बाहेर येतात.

सरोवरात जहाज बुडतं यावर समुद्रकाठच्या माणसाचा विश्वास बसत नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पाच महासरोवरांत बुडालेल्या जहाजांचा अंदाज सहा हजारांच्या घरात सांगतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं ‘एडमंड फिट्झगेराल्ड’. २२२ मीटर लांब, पोटात सव्वीस हजार टन लोहखनिज. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात ते सुपीरियर सरोवरात गेलं, एकोणतीस माणसांसकट. संकटाचा संदेशही आला नाही. ते नेमकं कशाने बुडालं यावर अजून वाद चालतात. ते जहाज दीडशे मीटरहून खोल पाण्यात आहे. त्याची घंटा १९९५ मध्ये वर काढली, ती मिशिगन राज्यातल्या व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात ठेवली आहे. तिकडच्या गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारी समुद्री कीड नाही आणि थंडी इतकी, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी बुडालेल्या लाकडी जहाजांच्या डोलकाठ्या अजून उभ्या सापडतात.

ती कीड नाथसागरातही नाही. पण इथलं पाणी दर उन्हाळ्यात हटतं, लाकूड उन्हात तडकतं, पावसाळ्यात परत भिजतं. दोन-चार वर्षांत होडीचं सरपण होतं. म्हणून इथे बुडालेलं जहाज शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. दगडी जोती मात्र तशीच राहतात.

आणि मुळात मोठं जहाज इथे आलं असतं कशाला? सरोवरात जहाज चालतं ते माल न्यायला. त्यासाठी माणसं काय काय करतात! आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरासाठी जर्मनांनी १९१३ मध्ये एक आगबोट बांधली, सुटी केली, पेट्यांत भरून समुद्रापार नेली आणि रेल्वेने सरोवरापर्यंत पोचवून परत जोडली. १९१६ मध्ये शत्रूच्या हाती लागू नये म्हणून इंजिनांना ग्रीस फासून त्यांनीच ती बुडवली. इंग्रजांनी १९२४ मध्ये वर काढली, ‘लिएम्बा’ असं नवं नाव दिलं, आणि ती पुढे कितीतरी दशकं उतारू वाहत राहिली. नाथसागर बांधला तो कालव्यांसाठी. त्याच्यावरून न्यायचा माल एकच, पाणी, आणि ते स्वतःच चालत जातं.

माणसांना मात्र पलीकडे जावंच लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. कोयनेच्या शिवसागरात रस्ते बुडाले तेव्हापासून बामणोली-तापोळ्याकडे लाँच चालतात. तिथलं पाणी दऱ्यांत खोल साठलेलं, वळणावळणाचं. उजनीत इंदापूर आणि करमाळा हे तालुके समोरासमोर आहेत. पाण्यावरून पलीकडे गेलं की वेळ वाचतो, रस्त्याने मोठा वळसा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. आत सातजण. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले, बाकी सहा गेले, त्यांत लहान मुलंही होती. खाली आमच्याच गोदावरीवर, आंध्रातल्या कच्चुलूरूजवळ, १५ सप्टेंबर २०१९ रोजी पर्यटकांची ‘रॉयल वशिष्ठ’ ही बोट पुरात बुडाली. पन्नासच्या आसपास माणसं दगावली. बोट इतकी खोल गेली होती की ती वर काढायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उलटला. उजनीत घात वाऱ्याने केला, कच्चुलूरूला पुराने. पण ज्या सुरक्षा-जाकिटाचं महत्त्व बातम्यांत आठवडाभर गाजतं ते नंतर काठावर कुठे दिसत नाही.

नाथसागराच्या वरच्या अंगाला, गंगापूर तालुक्यात, भिवधानोरा हे गाव आहे. तिथली शाळकरी मुलं थर्माकोलच्या तराफ्यावरून फुगवट्याचं पाणी ओलांडून शाळेत जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर झाली. जवळपास एक किलोमीटर पाणी, दप्तर पाठीवर, हातात फळकूट. साप तराफ्यावर चढू नयेत म्हणून काठ्या बरोबर. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. धरण होऊन तोवर सत्तेचाळीस वर्षं झाली होती. पुलाला वेळ लागतो, हे मान्य. पण तोपर्यंत दोन धड होड्या आणि दहा जाकिटं द्यायला कुठलं अंदाजपत्रक आडवं येतं?

कायदा तसा आहे. १९१७ चा जुना अंतर्देशीय आगबोटींचा कायदा रद्द करून २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यात इंजिन नसलेल्या नौकांचीही दखल घेतली आहे. त्यांच्या नोंदीचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे. चप्पूची नोंद करायला कुणी ग्रामपंचायतीत गेला तर ग्रामसेवक काय म्हणेल, याची कल्पना भाच्याने गाडीत दोघांच्याही आवाजात करून दाखवली. वाहनाचा प्रकार, बांधणीचं साल, सांगाड्याचा क्रमांक.

आम्ही फुगवटा धरून कायगाव टोक्यापर्यंत गेलो. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडे टोक्याला पेशवाईतलं सिद्धेश्वराचं मंदिर काठावर उभं आहे, कोरीवकाम सावकाश बघण्यासारखं. अहिल्यानगरच्या रस्त्यावरच्या पुलावरून हजारो गाड्या जातात, पण थांबतात त्या बहुतेक दशक्रियेसाठी. पुलावरून चप्पू दिसले, पाच-सहा, वाऱ्याचा अंदाज घेत काठाकाठाने चाललेले.

कुणाला जायचं असेल तर दोन मोसम आहेत. पक्षी बघायचे तर डिसेंबर-जानेवारी. १९८६ पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे; रोहित, पट्टकादंब, नाना तऱ्हेची बदकं उथळ पाण्यावर उतरतात. बुडालेलं बघायचं तर मे, आणि तेही आदल्या वर्षी पाऊस कमी झाला असेल तर. गाळावर गावातला माणूस बरोबर घेतल्याशिवाय फिरू नका. चप्पूवर बसायचा मोह होईल, बसू नका. दुपारी तीनच्या आत काठ सोडा. परतीला पाचोडच्या बाजारात मोसंबी बघा. घासाघीस चालते, भाच्याने पोत्यामागे शंभर रुपये कमी करून घेतले.